धरमपेठेतील इंग्रजी वर्ग : जोर देणाऱ्या वाक्यांची शिकवणी

नागपुरात धरमपेठेत चालणाऱ्या प्रौढांच्या एका इंग्रजी वर्गात जोर देणाऱ्या वाक्यरचना ज्या पद्धतीने शिकवल्या जातात, ती पद्धत मला मनापासून आवडली. मराठीत ज्या शब्दावर भर द्यायचा त्याला ‘च’ जोडला की काम भागते. इंग्रजीत मात्र त्यासाठी आवाजाचा आघात तरी लागतो किंवा वाक्याची मांडणी तरी बदलावी लागते, आणि शिक्षिका सुरुवात या फरकापासूनच करतात. ‘रवीनेच काल संत्री आणली’, ‘रवीने कालच संत्री आणली’ आणि ‘रवीने काल संत्रीच आणली’ ही तीन वाक्ये फळ्यावर लिहून त्यांनी ‘इट वॉज रवी हू’, ‘इट वॉज यस्टरडे दॅट’, ‘इट वॉज ऑरेंजेस दॅट’ अशा तिन्ही रचना विद्यार्थ्यांकडून काढून घेतल्या. क्रियापदावर जोर देण्यासाठी ‘डिड’ लावून काळ त्यानेच दाखवला की मूळ क्रियापद बदलत नाही, म्हणजे ‘ही डिड केम’ नव्हे तर ‘ही डिड कम’, हे त्यांनी अगदी घोटून घेतले आणि ते आवश्यकच होते.

‘नेव्हर हॅव आय सीन’सारखी उलट क्रमाची वाक्ये मात्र घाईने उरकली गेली. ही रचना भाषणात किंवा औपचारिक लेखनात शोभते, हे स्पष्ट न केल्यामुळे काही विद्यार्थी ती साध्या गप्पांतही वापरू लागले. आघाताच्या तोंडी सरावालाही अधिक वेळ हवा. मुलाखतीची तयारी करणाऱ्यांनी हा वर्ग जरूर लावावा. ज्यांचे काळ अजून पक्के नाहीत, त्यांना तो जड जाईल.