५६ अंड्यांचं उबवणी मशीन : निफाडच्या थंडीतले पाच महिने

ऑक्टोबरात ५६ अंड्यांचं, अंडी आपोआप फिरवणारं मशीन घेतलं. फेब्रुवारीपर्यंत पाच बॅच काढल्या. आम्ही निफाड तालुक्यात मळ्यात राहतो, अंडी घरच्याच गावरान कोंबड्यांची. पहिल्या बॅचला ४१ पिल्लं निघाली आणि मी गावभर मशीनचं कौतुक करत फिरलो. जरा घाईच केली.

नोव्हेंबरात अवकाळी आला. द्राक्षवाले फवारणीचे पंप घेऊन धावत होते आणि मी मशीनच्या खाचेत रोजच्यासारखं पाणी ओतत होतो. हवेतच इतकी ओल की आत आर्द्रता ७० च्या वर. खरं तर पहिले १८ दिवस ती ५० ते ५५ टक्के पुरते, शेवटचे तीन दिवस वाढवायची. अंड्यातलं पाणी थोडं उडालं तरच बोथट टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते, आणि पिल्लू कवच फोडायच्या आधी पहिला श्वास तिथेच घेतं. माझ्या अंड्यांत ती वाढलीच नाही. १७ पिल्लं निघाली, बाकीची पूर्ण वाढून आतच मेली. ती अंडी फोडून बघताना जेवण गेलं नाही. माहितीपत्रकात ‘पाणी भरत राहा’ एवढंच छापलंय! आता ७, १४ आणि १८ व्या दिवशी मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरून पोकळीभोवती पेन्सिलीने रेघ मारतो, आणि पाणी त्या रेघेवरून ठरवतो.

डिसेंबरात दुसरंच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला नीचांक पेपरात यायला लागला आणि आमची पत्र्याची पडवी गारठली. डिस्प्लेवर मात्र ठाम ३७.७. शंका आली म्हणून तापाचा थर्मामीटर कडेच्या अंड्यांत ठेवला, तर ३६.४. सेन्सर हीटरला खेटून बसवलाय, त्याला थंडी कळणार कशी? पिल्लं २३ व्या दिवशी निघाली, काहींचे पाय लुळे. मग मशीन उचलून आतल्या खोलीत धान्याच्या कोठीशेजारी ठेवलं. पुढच्या बॅचला, त्याच सेटिंगवर, २१ व्या दिवशी ३८ पिल्लं.

वीज एकदा पहाटे दोनला गेली ती सहाला आली. हवेची भोकं सोडून गोधडी गुंडाळली, शेजारी गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या. फारसं नुकसान नाही. फिरवणारी मोटर मात्र जानेवारीत अडकली. विक्रेत्याने पार्ट द्यायला तीन आठवडे लावले, तोवर अंड्यांवर फुली-गोळा काढून हातानं फिरवली.

पिल्लं निघाल्यावर खरी कसोटी. पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंशांची ऊब लागते आणि एलईडी बल्ब ती देत नाही. जुना पिवळा १०० वॉटचा शोधायला चार दुकानं पालथी घातली. पिल्लं एकमेकांवर चढली तर बल्ब खाली घ्या, कडेला पळाली तर वर. गोणपाटाचे पडदे मी पहिल्यांदा पूर्ण बंद केले, तर सकाळी पिल्लांखाली अंथरलेल्या, घाण झालेल्या तुसाच्या वासानं माझेच डोळे चुरचुरले. आता वर वीतभर फट ठेवतो.

आई पहिल्यापासून म्हणत होती, “खुडूक कोंबडीला कधी वीज लागलीय का रे?” शेवटच्या बॅचची १२ पिल्लं रात्री अंधारात तिच्या खुडूक कोंबडीखाली सरकवली. सकाळी डालगं उचललं तर सगळी तिच्या पंखांतून डोकावत होती. बल्ब त्या दिवशी लावलाच नाही.