एक्क्यांची जोडी, रिव्हरवर रेझ: पॅक की कॉल?

खेळ पोकरचा, त्यातला लिमिट होल्डेम: प्रत्येकाकडे दोन झाकले पत्ते, मध्ये सगळ्यांसाठी पाच उघडे, आणि बेटेची रक्कम ठरलेली. हातात एक्क्यांची जोडी. रिव्हरवर, म्हणजे उघडणाऱ्या शेवटच्या पत्त्यावर, नेमका नको तो पत्ता. तुम्ही बेट केली आणि तासभर गप्प बसलेल्या माणसाने रेझ केला, म्हणजे ती वाढवली. आता कॉल, म्हणजे आणखी चार चिंचोके टाकून पाहायचं, की पॅक, म्हणजे जोडी पालथी घालून चहा मागवायचा? मी दोन्ही करून पाहिलंय. पहिली दोन वर्षं कट्टर पॅकवाला होतो. आता बराचसा कॉलवाला आहे. का ते सांगतो. पटलं तर घ्या.

चिंचोके म्हणायचं कारण, धरमपेठेतल्या आमच्या शनिवारच्या बैठकीत पैसे लावत नाहीत. जो सगळ्यात मागे राहील त्याने रविवारी सकाळी सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घालायचे, एवढाच दंड. छोटी बेट दोन चिंचोक्यांची, शेवटच्या दोन पत्त्यांवरची मोठी चारची. उन्हाळ्यात कूलरच्या हवेने पत्ते उडतात म्हणून प्रत्येक जण आपल्या दोन पत्त्यांवर एक चिंचोका ठेवतो. पॅक करणारा माणूस आधी तो चिंचोका उचलतो, त्यामुळे त्याचा विचार त्याच्याआधी टेबलाला कळतो. हे मला फार उशिरा लक्षात आलं.

तर तो डाव. माझ्याकडे इस्पिक आणि चौकटचा एक्का. मी रेझ केला, तिघं आत आले, छोटा ब्लाइंड, म्हणजे पत्ते पाहण्याआधीच एक चिंचोका टाकावा लागलेला गडी, निघून गेला. पॉट, म्हणजे मधला ढीग, सतरा. फ्लॉपला, म्हणजे पहिल्या तीन उघड्या पत्त्यांत, बदामाचा राजा, बदामाची नव्वी आणि किलवरची पंजी. मी बेट केली, दोघांनी कॉल केला. तेवीस. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, किलवरचा गुलाम. माझी बेट, कॉल फक्त मामांचा. मामा म्हणजे बायकोचे मामा, माझे मामासासरे, आणि हे नातं पुढे महत्त्वाचं आहे. एकतीस. रिव्हरला बदामाची दुर्री: आता कुणाकडे दोन बदाम असतील तर त्याचा पाच बदामांचा फ्लश, माझ्या जोडीपेक्षा भारी. मी सवयीने चार टाकले. मामांनी पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि आठ टाकले.

पॉटमध्ये त्रेचाळीस, मला घालायचे चार. असा प्रसंग अकरा वेळा आला, दरवेळी कॉल केला आणि दहा वेळा हरलो, तर चाळीस जातात. उरलेल्या एका वेळी त्रेचाळीस येतात. म्हणजे अकरातून दहा वेळा तोंडावर आपटूनही तीन चिंचोके वर. चुकीच्या कॉलची किंमत चार, चुकीच्या पॅकची त्रेचाळीस. लिमिटमध्ये मजबूत हात टाकायचा तर समोरचा जिंकतोय एवढी खात्री पुरत नाही, जवळजवळ शपथेवर सांगता आलं पाहिजे.

पॅकची बाजू अगदीच लंगडी आहे असं मात्र म्हणणार नाही. लिमिटमध्ये कमाई बेटा-बेटाने होते. चांगला खेळणाराही तासाला एखादी मोठी बेट पुढे राहिला तर खूश असतो. तिथे रात्रीतून तीन-चार बेटा वाचवणारा माणूस हुशारच म्हणायचा. शिवाय आपल्याकडे बहुतेकांचा हात तीनपत्तीवर बसलेला. तिथे चाल वाढत जाते, म्हणून वेळेवर पॅक करणारा वाचतो. नो-लिमिटचंही, म्हणजे हवी तेवढी बेट लावता येते त्या पोकरचंही, तेच. समोरच्याने पॉटएवढी बेट केली तर तीनातून एकदा तरी जिंकायला हवं, नाहीतर कॉल तोट्याचा. मोबाइलवर पैसे लावून खेळणारे दोघं, २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्या खेळांवर बंदीचा कायदा झाल्यावर, आमच्यात आले. दोघंही एक्के असे टाकतात की पाहून जीव तुटतो. त्यांच्या खेळात ती शिस्त होती, इथे ती गळती आहे.

पण खरं सांगायचं तर मी हिशेबामुळे बदललो नाही. हिशेब मला तेव्हाही येत होता.

त्या रात्री मी चिंचोका उचलला आणि एक्के टाकले. मामांनी आपले दोन पत्ते उघडे न करता गड्डीत सरकवले, गड्डी पिसायला घेतली आणि म्हणाले, "जाऊ द्या जवाईबापू, पुढच्या डावात पाहू." बस. दुसरं कोणी असतं तर विचारलं असतं, "काहून बे, काय होतं?" मामासासऱ्यांना काय विचारणार? पुढचा तासभर मी पत्ते खेळतच नव्हतो, "जाऊ द्या"चा अर्थ लावत होतो. सूड म्हणून राणी-सत्तीवर रेझ केला, मग सत्तीच्या जोडीवर शेवटपर्यंत गेलो. त्या पॅकने माझे त्रेचाळीस गेले की नाही देव जाणे, पण त्यानंतरच्या तासाभरात साठेक तरी गेले. रविवारचे पोहे अर्थात माझ्याकडून. बायकोला मामांचे पत्ते ठाऊक आहेत असा माझा दाट संशय आहे, पण ती माहेरच्या बाजूची.

पॅकचा हा त्रास कोणत्याच हिशेबात धरलेला नसतो. कॉल करून हरलात तर चार चिंचोक्यांत पत्ते पाहायला मिळतात, समोरचा माणूस रिव्हरवर कशावर रेझ करतो हे कळतं आणि रात्री झोप लागते. पॅक करून फक्त संशय मिळतो. वर टेबलाला खबर लागते की ह्याला बदाम दाखवला की हा पळतो. त्यानंतर महिनाभर माझ्यावर जितके रेझ झाले, तितके त्याआधी वर्षभरात झाले नसतील. मोजलं नाही, पण मला तसंच वाटलं.

तरीही काही ठिकाणी मी आजही टाकतो. मामांनी रेझ केला आणि माझा नंबर येण्याआधी तिसऱ्याने थंडपणे कॉल केला, तर टाकतो. दोघांच्या मध्ये सापडलेली एक जोडी कुणाची नसते, आणि कॉल करणारा तिसरा माणूस बहुधा काहीतरी घेऊनच बसलेला असतो. दुसरं ठिकाण टर्नचं. हाच रेझ टर्नला आला असता तर चारने भागत नाही, रिव्हरचे चार धरून आठ जातात आणि मिळणार एकोणचाळीस. सहातून एकदा जिंकलो तरी एक चिंचोका तोटाच. समोर वर्षातून दोनदा रेझ करणारे शेजारचे काका असतील, तर टर्नलाच टाका. टर्नला चार देऊन रिव्हरला पळणं हा सगळ्यात वाईट सौदा, आणि तो मी सगळ्यात जास्त वेळा केलाय.

आणखी एक, टाकण्याआधी आपले एक्के नीट पाहा. त्यात बदामाचा असेल तर मी डोळे झाकून कॉल करतो. लोक एक्का आणि एखादा फालतू बदाम धरून हमखास बसून राहतात. तो एक्का तुमच्याकडे असला की तितके फ्लश त्यांच्याकडे असूच शकत नाहीत.

दोघांतल्या लिमिट होल्डेमचा हिशेब कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संगणकाने २०१५ साली जवळजवळ सोडवून टाकला. आमच्या टेबलावर सहा जण असतात आणि त्यातले एक मामासासरे, तेव्हा त्याचा मला फार उपयोग नाही. तुमच्या टेबलावर सगळे पत्ते उघडून दाखवणारे भले लोक असतील, किंवा पॅक केल्यावर ते विसरून जाण्याचा स्वभाव तुम्हाला लाभला असेल, तर अधूनमधून टाकत चला, चालेल. माझा तो स्वभाव नाही.

मागच्या शनिवारी मामांनी रिव्हरला पुन्हा रेझ केला. मी आपल्या पत्त्यांवरच्या चिंचोक्याला हात न लावता पुढ्यातले चार सरकवले. मामांनी बदामाची दश्शी आणि बदामाची चव्वी एकेक करून, सावकाश मांडली. रविवारी पोह्यांचे पैसे मी दिले आणि मामांनी तर्री दोनदा मागून घेतली.