मास्टर्सला लंडन की पॅरिस? दहशतवादविरोधी कायदेपण बघून ठरवा

फी आणि भाड्याचं सगळेच सांगतात, पण तुम्ही पत्रकारिता किंवा मानवाधिकार शिकायला जाणार असाल, मोर्चाला जाणारे असाल तर हेपण बघा.

एअरपोर्टवर लंडन जास्त कडक. २००० च्या टेररिझम ॲक्टच्या शेड्यूल ७ खाली पोलिसांना काहीही संशय नसताना तुम्हाला ६ तासांपर्यंत अडवून प्रश्न विचारता येतात, आणि गप्प बसलात किंवा फोनचा पासवर्ड दिला नाहीत तर तोच गुन्हा होतो. २०१३ ला हीथ्रोवर पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्डचा जोडीदार डेव्हिड मिरांडाला, अमेरिकेची गुप्त कागदपत्रं फोडणाऱ्या स्नोडेनच्या फाइल्समुळे जवळजवळ ९ तास बसवून ठेवलं (तेव्हा मर्यादाच ९ ची होती), २०१६ मध्ये अपील कोर्टाने अडवणं कायदेशीर ठरवलं पण पत्रकारांच्या मटेरियलला या कलमात पुरेसं संरक्षण नाही हेही स्पष्ट सांगितलं.

घरात मात्र पॅरिसची भीती जास्त. नोव्हेंबर २०१५ च्या हल्ल्यांनंतरची आणीबाणी जवळपास २ वर्षं चालली, जजला न विचारता ४ हजारांहून जास्त झडत्या झाल्या, आणि हवामान परिषदेच्या वेळी पर्यावरणवाल्या कार्यकर्त्यांनासुद्धा नजरकैदेत टाकलं, ज्यांचा दहशतवादाशी काही संबंध नव्हता!! २०१७ ला आणीबाणी उठली पण त्यातलं बरंच साध्या कायद्यात आलं. झडतीला आता आधी जजची परवानगी लागते, पण तुम्हाला एका गावाच्या हद्दीत अडकवून ठेवायचा आदेश अजूनही गृहमंत्रीच काढतो, आणि २०२१ मध्ये ते सगळं कायमचं केलं. मला सगळ्यात जास्त हेच खटकतं, तात्पुरतं म्हणून आणलेलं परत जातच नाही.

कोठडी म्हणाल तर आरोप न ठेवता ब्रिटनमध्ये १४ दिवस, फ्रान्समध्ये जास्तीत जास्त ६. आपल्या यूएपीएतल्या (भारताचा दहशतवादविरोधी कायदा) १८० दिवसांपुढे दोन्ही कमीच वाटतात, पण फ्रान्समध्ये केस तपास न्यायाधीशाकडे गेली की खटल्याआधीच वर्षानुवर्षं आत राहावं लागू शकतं.

मी स्वतः लंडन निवडेन, तिथे या कायद्यांवर स्वतंत्र रिव्ह्यूअर दरवर्षी रिपोर्ट काढतो आणि तो कोणीही वाचू शकतो. पण सोर्सचं मटेरियल घेऊन सारखं बॉर्डर ओलांडणार असाल तर पॅरिस घ्या.

बोलण्याच्या बाबतीत दोन्हीकडे जपूनच. फ्रान्समध्ये दहशतवादाचं समर्थन ऑनलाइन केलं तर ७ वर्षांपर्यंत कैद, आणि लंडनमध्ये जुलै २०२५ ला पॅलेस्टाइन ॲक्शन या पॅलेस्टाइन समर्थक आंदोलक गटावर दहशतवादविरोधी कायद्याखाली बंदी आल्यावर पुढच्याच महिन्यात त्याच्या समर्थनाचे नुसते फलक धरून बसलेल्या ५०० हून जास्त लोकांना एका दिवसात अटक झाली, त्यामुळे कुठल्याही मोर्चाला जायच्या आधी ब्रिटिश सरकारच्या साइटवर बंदी घातलेल्या संघटनांची यादी बघून जा.