साडेपाच वर्षांच्या नातीसाठी तबल्याचा क्लास: मनापासून शिफारस

नातीला घराजवळच्या तबल्याच्या क्लासला घातलं आणि मी फार समाधानी आहे. सर लहानांना लगेच तबल्याला हात लावू देत नाहीत. आधी मांडी घालून हातावर तीनताल: १६ मात्रा म्हणजे ठोके, १, ५, १३ वर टाळी, ९ वर ‘खाली’, म्हणजे टाळी न देता हात उलटा. नववी मात्रा आली की सगळे चिमुकले तळवे एकदम उलटे होतात, ते बघायला मी मुद्दाम थांबते. लय अंगात मुरायचं वय हेच.

वाद्य केव्हा द्यायचं? सर वय विचारत नाहीत, पंजा बघतात. अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला टेकवून तर्जनीनं चाटेवर (तबल्याच्या काठावरच्या पट्टीवर) ‘ना’ हा बोल काढायचा तर हात तेवढा पसरायला हवा. बासरीचंही तसंच, भोकं नीट झाकली नाहीत तर सूर लागणार कसा? पेटी मात्र लवकर जमते, पट्टी दाबली की सूर तयार.

तुकडीत मुलं जरा जास्त आहेत, ती कमी करावीत. पण गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रारंभिक’ या पहिल्या परीक्षेची घाई इथे कुणी करत नाही, हे मला सगळ्यात आवडलं. तबला-डग्ग्याची जोडी सरांना विचारूनच घ्या.