२४ इंची दुसरा मॉनिटर: स्लाइडचे अहवाल तपासणाऱ्याचा वापरानंतरचा अनुभव

मागच्या उन्हाळ्यात घेतलेला मॉनिटर वीज जाऊन आल्यावर आपोआप चालू होत नाही, ही माझी तक्रार कंपनीने ‘निवारण झाले’ असा शेरा मारून बंद केली. निवारण झाले हे खरे असले, तरी ते आमच्या इलेक्ट्रिशियनने केलेले असल्यामुळे हा अनुभव सविस्तर लिहावासा वाटला. आयपीएस पॅनेल, १९२०×१०८० रिझोल्यूशन वगैरे तपशील खोक्यावर छापलेले असतात, ते येथे पुन्हा देत नाही. माझे काम सोलापुरातील अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल उत्पादकांचे अहवाल तपासून दुरुस्त करण्याचे आहे, आणि हे अहवाल बँकेला, परदेशी खरेदीदाराला आणि मालकांच्या पुण्यात शिकून आलेल्या चिरंजीवांना, सगळ्यांनाच, आता फक्त स्लाइडवर हवे असतात.

पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड मूळ मापात १३.३३ इंच रुंद आणि ७.५ इंच उंच असते, म्हणजे इंचाला ९६ पिक्सेल या हिशेबाने १०० टक्के झूमवर तिला १२८०×७२० पिक्सेल जागा लागते. माझ्या लॅपटॉपचे रिझोल्यूशनही १९२०×१०८० असले, तरी अक्षर वाचता यावे म्हणून स्केलिंग १५० टक्के ठेवावे लागते आणि त्यामुळे प्रत्यक्ष जागा १२८०×७२० एवढीच उरते. त्यातून डावीकडची छोट्या स्लाइडची पट्टी, वरचा रिबन आणि खालच्या टिपा वजा केल्या की स्लाइड जेमतेम ५०-६० टक्क्यांवर दिसते. २४ इंची मॉनिटरवर १०० टक्के स्केलिंग चालते, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या उघड्या ठेवूनही स्लाइड मूळ मापात मावते, आणि तक्त्याच्या तळाशी बारीक टाइपात दडवलेली ‘तात्पुरते आकडे’ ही टीप लगेच नजरेत भरते. त्याच रिझोल्यूशनचा २७ इंची मॉनिटर मी मुद्दाम टाळला, कारण तेवढेच पिक्सेल मोठ्या काचेवर ताणले गेल्याने अक्षर भरड दिसते आणि पैसेही जास्त जातात.

सुरुवातीचे काही महिने मी स्लाइड मोठ्या मॉनिटरवर आणि एक्सेल लॅपटॉपवर ठेवत होतो आणि हीच व्यवस्था योग्य आहे असे सर्वांना सांगतही होतो. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, तिमाही अहवालांचा ढीग आला तेव्हा हे मत बदलले. तपासताना स्लाइडवरचे मोजकेच आकडे वाचायचे असतात. शोधाशोध करावी लागते ती एक्सेलमधील चाळीस-पन्नास स्तंभांत. म्हणून तपासणीच्या वेळी एक्सेल मोठ्या मॉनिटरवर आणि स्लाइड लॅपटॉपवर रीडिंग व्ह्यूमध्ये ठेवतो. दुरुस्तीला बसलो की विंडोज, शिफ्ट आणि बाणाची कळ एकत्र दाबून दोन्हींची अदलाबदल करतो. एका स्लाइडवर ४५० जीएसएम (टॉवेलचे दर चौरस मीटरला ग्रॅममधील वजन) आणि मूळ तक्त्यात ५४० जीएसएम, ही तफावत या मांडणीमुळे पकडली गेली. जीएसएममधला एवढा फरक खरेदीदाराच्या दृष्टीने दुसराच टॉवेल असतो, हे सोलापुरात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. तपासताना एफ-५ मात्र दाबू नये. दोन मॉनिटर जोडलेले असले की एकावर स्लाइड आणि दुसऱ्यावर प्रेझेंटर व्ह्यू पसरतो आणि ज्या एक्सेलसाठी दुसरा मॉनिटर घेतला, तेच झाकले जाते.

आता बटणाविषयी. या मॉनिटरचे चालू-बंद करण्याचे एकमेव बटण मागच्या बाजूला, उजव्या कोपऱ्यात खाली आहे, आणि वीज जाऊन परत आली की मॉनिटर आपोआप चालू होत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर गेला की आमच्या भागात वीज पूर्ण जाण्यापेक्षा क्षणभर डोळा मिटल्यासारखी जाते आणि येते. बॅटरीवरचा लॅपटॉप त्या क्षणी चालूच राहतो. टाइप-सी केबलमधून डिस्प्लेपोर्टने जोडलेला मॉनिटर नाहीसा झाला असे तो समजतो आणि सर्व विंडो आपल्या छोट्या स्क्रीनवर ओढून घेतो. एकच फाइल ‘न्यू विंडो’ने दोन ठिकाणी उघडून एकीकडे सारांशाची आणि दुसरीकडे तपशिलाची स्लाइड ठेवलेली असेल, तर त्या दोन्ही एकावर एक येऊन बसतात, आणि आपण नेमकी कोणती दुरुस्त करत होतो हे पुन्हा शोधावे लागते. त्यानंतर मॉनिटरमागे हात घालून, आंधळ्याने चाचपावे तसे, ते बटण शोधायचे. विंडोज ११ मध्ये मॉनिटरच्या जोडणीनुसार विंडोंच्या जागा लक्षात ठेवण्याची सोय आहे आणि ती मी चालू केलेली आहे, परंतु मॉनिटरच जागा होत नसेल तर त्या सोयीचा उपयोग काय?

कंपनीच्या ग्राहक सेवेने आधी व्हिडिओ मागितला, मग बिल मागितले, मग मॉनिटर खोक्यासह पुण्याला पाठवण्यास सांगितले, आणि शेवटी ही रचना वीज वाचवण्यासाठीच असल्याचे कळवले. घरी येऊन सेवा देण्याचा उल्लेख वॉरंटीच्या कागदावर आहे. सोलापूर त्या घरांत मोडत नसावे. स्वतंत्र यूपीएससाठी आणखी काही हजार रुपये मोजण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावून टेबलाजवळचा सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला. तेवढ्याने भागले नाही. त्याने इन्व्हर्टरच्या मागचा खटका ‘नॉर्मल’वरून ‘यूपीएस’वर केला तेव्हा प्रश्न सुटला, कारण नॉर्मलमध्ये बॅटरीवर जायला लागणारा अवधी पंख्याला चालतो, मॉनिटरला चालत नाही. मॉनिटरला लागणारी वीज २०-२५ वॉटच्या आसपास असल्याने बॅटरीवर फारसा भार पडत नाही. मात्र यूपीएसवर ठेवलेला इन्व्हर्टर व्होल्टेज थोडे उतरले तरी बॅटरीकडे वळतो, त्यामुळे बॅटरीतले पाणी आता अधिक वेळा पाहावे लागते. मजुरी कंपनीकडे मागण्याचा विचार होता, पण त्यासाठी पुन्हा व्हिडिओ मागतील.

बाकीच्या उणिवा किरकोळ आहेत. स्टँड वर-खाली होत नाही, त्याखाली ए-फोर कागदाच्या दोन रिमा ठेवल्या आहेत. लॅपटॉप आणि मॉनिटर यांवर टॉवेलचा एकच निळा रंग दोन प्रकारचा दिसतो, पण शेड मंजूर होते ती प्रत्यक्ष लॅब डिपवरून, म्हणजे रंगवलेल्या नमुन्यावरून, स्क्रीनवरून नव्हे. दोन्हींचे स्केलिंग वेगळे असल्याने कधी अक्षर धूसर दिसले, तर पॉवरपॉइंटच्या ऑप्शन्समध्ये ‘बेस्ट अपिअरन्स’ निवडावे.

जुनी आणि दुरुस्त प्रत ताडून पाहण्यासाठी पॉवरपॉइंटमध्ये ‘कंपेअर’ आहे, परंतु वर्डसारखे ट्रॅक चेंजेस नाही, आणि दोन प्रती एकदम सरकवण्याची वर्डमधली सोयही नाही. त्यामुळे जुनी प्रत पीडीएफ करून लॅपटॉपवर आणि नवी मॉनिटरवर ठेवतो, आणि क्लिक न करता माउसचे चाक एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवतो. मध्येच नवी स्लाइड घुसवली गेली की दोन्हींचे क्रमांक जुळत नाहीत. म्हणून ऑफिसातील मुलांना सांगून ठेवले आहे की नवी स्लाइड आधी सर्वांत शेवटी जोडावी, तिची जागा तपासणी झाल्यावर मी ठरवीन.