सेकंडहँड रोडबाईक : आठ महिने, ३,१०० किलोमीटर आणि एक ट्रायथलॉन

ट्रायथलॉन करायचं होतं, म्हणजे एकापाठोपाठ पोहणं, सायकल आणि पळणं. माझ्याकडे होते ४० हजार, आणि तेही सायकल, हेल्मेट, पंप, पॅडवाली चड्डी सगळं धरून. पळण्याची सवय जुनी (साताऱ्यात राहून हिल मॅरेथॉनच्या नादाला न लागणं अवघडच), पोहायला लहानपणीच विहिरीत शिकलेले. अडत होतं ते सायकलवर. घरात पोराची जाड टायरची गिअरवाली होती, तिच्यावर एकदा ४० किलोमीटर मारून पाहिले. दोन तास दहा मिनिटं लागली. उतरल्यावर पळायचे १० किलोमीटर मी त्या दिवशी सोडूनच दिले.

नवी रोडबाईक (बारीक टायरची, वाकड्या हँडलची, वेगासाठीची सायकल) या पैशांत बसेना, म्हणून पुण्यात एकाकडून वापरलेली घेतली, २४ हजारांना. ॲल्युमिनियमची फ्रेम, शिमानो कंपनीचे क्लॅरिस गिअर, पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चेनरिंग, मागे आठ गिअर, चाकाची कडा दाबून थांबवणारे रिम ब्रेक. "फार तर ५०० किलोमीटर चाललीये मॅडम," असं विकणारा म्हणाला. पंधरा दिवसांनी चढावर चेन कडाकड उडायला लागली तेव्हा त्या ५०० चा उलगडा झाला. मेकॅनिकदादांनी चेनला झीज मोजायची मापपट्टी लावली, तर ०.७५ टक्क्याची खूण आरामात आत. इतकी झिजलेली चेन कॅसेटचे (मागच्या चाकावरच्या गिअरच्या चक्रांचे) दातही खाऊन ठेवते आणि मग नुसती नवी चेन टाकून भागत नाही, ती जुन्या दातांवरून सटकते. दोन्ही बदलावं लागलं, २,६०० रुपये गेले. ती पट्टी दोन-तीनशे रुपयांना मिळते. घ्यायला जाताना खिशात असती तर भाव तिथंच पाडला असता.

पण आठ गिअरची जुनी पद्धत माझ्या पथ्यावरच पडली. ११-१२ गिअरवाल्यांना कॅसेटसाठी पुण्याला फोन करावे लागतात. माझी चेन साध्या सात-आठ गिअरच्या सायकलींनाही चालते, त्यामुळे गावातल्या दुकानात पडलेली असते. कॅसेट बदलायचीच होती तर ११-२८ (सगळ्यात मोठं चक्र २८ दातांचं) काढून ११-३२ टाकली, चढाला हलकी. यवतेश्वरचा घाट आधी उभं राहून, दात-ओठ खात चढायचे, आता बसून चढते. मागचा डिरेलर (चेन या चक्रावरून त्या चक्रावर नेणारा भाग) लांब पिंजऱ्याचा होता म्हणून ३२ बसली. आखूड असेल तर आधी मेकॅनिकला विचारा.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते मापानं. माझी उंची पाच फूट दोन इंच. सेकंडहँड बाजारात ५४ आणि ५६ सेंटिमीटरच्या फ्रेम ढिगानं, पुरुषांनी घेतलेल्या आणि पुरुषांनी विकायला काढलेल्या. ४८ ची मिळेपर्यंत अडीच महिने थांबले. मधे एक ५२ ची चकचकीत, स्वस्तात मिळत होती आणि सगळे घे घे म्हणत होते. नाही घेतली, आणि या सगळ्या खरेदीत मी केलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट तीच. सीट खालीवर होते, दांडी बदलता येते, पण लांब फ्रेम आखूड होत नाही. सीटच्या उंचीसाठी मांडीच्या सांध्यापासून जमिनीपर्यंतचं माप गुणिले ०.८८३ हा जुना हिशोब धरला : माझे ७२ सेंटिमीटर, म्हणजे क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण साडेत्रेसष्ट. तिथून अर्धा सेंटिमीटर खाली आणल्यावर गुडघा शांत झाला.

लहान फ्रेमचा एक त्रास कुणी सांगत नाही. चाकं मोठ्या फ्रेमला असतात तेवढीच, ७०० चीच, त्यामुळे हळू वेगात हँडल वळवलं की बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. पोवई नाक्यावर सिग्नलला वळताना एकदा अशीच आडवी झाले. खरचटलं थोडं, लाज जास्त वाटली. आता वळताना बाहेरच्या बाजूचं पेडल मागे ठेवते.

टायर बदलले, त्याचा पश्चात्ताप नाही. आधीचे २३ मिलिमीटर रुंदीचे, दगडासारखे होते. २८ चे घालावेत असं मनात होतं, पण ब्रेकखाली मागचा घासायला लागला, म्हणून २५ चे. माझं वजन ५७ किलो, हवा ७५ ते ८० पीएसआय. लोक १०० च्या वर भरतात आणि मग हात बधिर झाले म्हणून हातमोजे शोधत बसतात. ऊसतोडीच्या दिवसांत कोरेगाव रस्त्यावर ट्रॉलीतून सांडलेली मोळी, चिपाडं, कडेला खडी, सगळंच असतं. आठ महिन्यांत चार पंक्चर झाली. पहिल्या वेळी हायवेवरच्या पंक्चरवाल्यानं तो बारीक, लांब व्हॉल्व्ह उलटसुलट पाहून सांगितलं, "ताई, ह्याला आमची नळी बसत न्हाई." पितळेचा छोटा ॲडॅप्टर ५० रुपयांना मिळतो. तेव्हापासून तो माझ्या किल्लीच्या जुडग्यात आहे.

रिम ब्रेक कोरड्यात उत्तम. जुलैत कासच्या बाजूला धुक्यात गेले तेव्हा मात्र पहिले दोन-तीन सेकंद ब्रेक नुसते पाण्यावरून घसरत होते, आणि नंतर करकर करत रिमवरची माती दळत होते. उतरताना हात वाकड्या दांडीच्या खालच्या भागात ठेवले की बोटांना जोर मिळतो. हे कळेपर्यंत तळवे भरून यायचे.

एरोबार (कोपरं टेकवून पुढे वाकायला हँडलवर बसवायच्या दांड्या) एका मैत्रिणीकडून महिनाभर मागून आणले. सपाट, मोकळ्या रस्त्यावर खरंच फरक पडतो, कारण ताशी ३० किलोमीटरच्या आसपास गेलं की आपण वाऱ्याशीच भांडत असतो. पण रोडबाईकची सीट मागे असते. कोपरं पुढे टेकवून वाकलं की मांड्या पोटात घुसतात. सीट पुढे सरकवावी तर बाकी सगळं माप बिघडतं. आणि ब्रेक हाताशी नसताना कुत्रं आडवं आलं तर? परत देऊन टाकले.

स्पर्धा कोल्हापूरला, ऑलिंपिक अंतराची : दीड किलोमीटर पोहणं, ४० सायकल, १० पळणं. आदल्या दिवशी सायकल तपासताना माझ्या हँडलचं एक टोक उघडं निघालं. बूच कधी पडलं काय माहीत. उघड्या नळीनं पडल्यावर मोठी इजा होते, त्यामुळे बूच नसेल तर सोडत नाहीत. रंकाळ्यावर कणीस खाल्लं, दाणे संपल्यावर त्याचा तुकडा नळीत ठोकला आणि वरून इलेक्ट्रिकची काळी टेप लावली. तपासनीस हसले, पण चिठ्ठी दिली.

सायकलला लागले एक तास बत्तीस मिनिटं. रविवारच्या ग्रुपमध्ये मी ३० नं जायचे, त्यामुळे दीड तासाच्या आत येईन अशी खात्री होती. पण ग्रुपमध्ये पुढच्याच्या आडोशाला असतो. स्पर्धेत दहा-बारा मीटर अंतर ठेवावंच लागतं, वारा आपला आपण खायचा. एकटीनं सराव केला असता तर हे आधीच समजलं असतं. क्लीटवाले (पेडलमध्ये अडकणारे) बूट मी अजून घेतलेले नाहीत, पिंजऱ्याच्या पेडलवर पळायच्याच बुटांनी चालवते. सायकलवरून उतरल्यावर बूट बदलायचे नसल्यानं शेजारचीच्या आधी मी पळायला लागले होते. नंतर तिनं मला गाठलं, ते सोडा.

एकूण खर्च ३९,२०० झाला : सायकल २४ हजार, चेन-कॅसेट २,६००, टायर-ट्यूब ४,२००, हेल्मेट २,१००, चड्डी १,८००, उरलेले पंप, बाटल्या, दिवे, जुळवाजुळव यांत. सीट मात्र अजून मूळचीच आहे, पुरुषी, अरुंद. ६० किलोमीटरनंतर ती आठवण करून देतेच. दिवाळीच्या बोनसवर पहिला हक्क तिचा.