सायकलला ब्रेक रॉडचे की केबलचे?

भाजी, बँक, क्लास, ऑफिस एवढ्या फेऱ्यांसाठी साधी काळी सायकल घ्यायला गेलं की दुकानात हा प्रश्न निघतोच. रॉडच्या ब्रेकमध्ये मुठीची ओढ लोखंडी सळ्यांमधून चाकापर्यंत जाते, केबलच्या ब्रेकमध्ये आवरणातल्या तारेतून. मी दोन्ही प्रकार वापरले आहेत आणि आता त्यातला एकच ठेवला आहे.

केबलच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. सायकल हलकी राहते, हँडल हवं तेवढं वरखाली करता येतं, शू, म्हणजे रिमवर दाबणारे रबराचे तुकडे, झिजले तर हातानेच अ‍ॅडजस्टर फिरवून भागतं. अर्नेस्ट बोडेन नावाच्या संशोधकाने या केबलचं पेटंट १८९६ साली घेतलं आणि आजही जगभर तीच चालते, ते उगाच नाही. पुण्यात कोथरूड असो की हडपसर, पंक्चरवाल्याकडेही केबल टांगलेली असते. रॉडच्या भागांसाठी मात्र पेठेतलं जुनं दुकान गाठावं लागतं. टायर बदलायचा तर आधी ब्रेक सैल करा, हँडल उंच केलं तर रॉड पुन्हा जुळवा, शिवाय खड्ड्यातून जाताना खडखडाट.

एवढं असूनही मी रॉडकडे वळलो, ते पावसाळ्यामुळे.

जूनमध्ये दोन-चार सरी झाल्या की ब्रेकच्या मुठीच्या बाजूने केबलच्या आवरणात पाणी शिरतं आणि केबल जिथे वळसा घेते तिथे साचून राहतं. आतली तार गंजायला लागते. मग ब्रेक लागतो, पण सुटत नाही. मूठ सोडली तरी शू रिमला घासत राहतात, आणि ते लगेच लक्षातही येत नाही. सेनापती बापट रस्त्याचा चढ चढताना पाय भरून येतात, आज अंगात दमच नाही असं वाटतं. उतरून मागचं चाक उचलून फिरवावं, तर ते एक फेरासुद्धा पुरा करत नाही. तेल सोडलं की काही दिवस बरे जातात. पण शहरभर चाललेल्या बांधकामांची धूळ त्या तेलात मिसळते आणि आवरणाच्या आत चिखल होतो. प्लास्टिकचं अस्तर असलेलं आवरण आणि स्टेनलेस तार घातली तर त्रास कमी होतो, हे मान्य. मीही घातली होती, गणपतीपर्यंत टिकली.

रॉडमध्ये लपलेलं काही नाही. सगळे सांधे उघडे असतात. गंज दिसतो, फडक्याने पुसता येतो, सांध्यावर तेलाचा एक थेंब पुरतो. मूठ सोडली की शू मागे हटतात.

खड्ड्यांच्या बाबतीतही फरक पडतो. केबलचा ब्रेक रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतो, त्यामुळे चाकाला जरासा आउट आला की घासायला सुरुवात. रॉडचे शू रिमच्या आतल्या अंगाला दाबतात. चाक थोडं डावं-उजवं डुललं तरी त्यांचं काही बिघडत नाही. रिम चेपली असेल तर मात्र दर फेऱ्याला हिसका बसतो.

रॉड जास्त चांगले थांबवतात असा माझा दावा नाही. ओल्या स्टीलच्या रिमवर दोन्ही उशिराच पकडतात. रोज पाषाण-बावधनकडचे उतार उतरायचे असतील तर अ‍ॅलॉयची रिम आणि केबल घेतलेली बरी, असं मला वाटतं. पण फिरणं पेठा, डेक्कन, कर्वे रस्ता एवढंच असेल आणि सायकल पावसाळाभर भिजणार असेल, तर मी रॉडच सुचवेन.

काळ्या सायकलींची घडण वर्षानुवर्षं तीच असल्याने एका कंपनीचा रॉड बहुधा दुसरीलाही बसतो, म्हणून जुनी सायकल घ्यायलाही हरकत नाही. फक्त पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा दाबून बघा. मूठ हँडलला टेकली तरी शू रिमला लागत नसतील, तर आधी शूची जुळणी करून घ्या. त्यानंतरही मूठ ढिली लागली तर सांधे झिजलेत असं समजा. ते बदलून मिळणार असतील तरच पैसे द्या.